पेटीवर उतरलेली पदे

संगीत नाटक ऐकावयाचे तर नाट्यगृहात जावयास हवे, हे कोणीही मान्य करील. परंतु शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आणि त्याच्या दक्षिण सीमेवर ज्यांना नाटकांची पदे तोंडपाठ होती, त्यांपैकी किती जणांना तिकिटाचे पैसे आणि खेळाची रात्र या दोन्ही गोष्टी साधल्या असतील? माझे आजोबा बेळगावास मामलेदार कचेरीत कारकून होते. गंधर्व नाटक मंडळीचे खेळ त्यांनी जन्मात तीनदा पाहिले, आणि त्या तीन रात्रींचे वर्णन ते आयुष्यभर करीत राहिले. पदे मात्र त्यांना शंभरावर येत होती. ती त्यांच्याकडे रंगभूमीवरून आली नाहीत. आली ती शेजारच्या वाड्यातील पेटीवरून, गणेशोत्सवातील मेळ्यांतून आणि लाखेच्या तबकड्यांवरून. पुढे त्यांनी स्वतः एक हातपेटी विकत घेतली व ऐकलेली पदे एका वहीत स्वरलिपीने उतरवून ठेवली. ही वही आज माझ्यापाशी आहे. तिच्या निमित्ताने जी शोधाशोध करावी लागली, तिची हकिकत आज सांगावयाची आहे.

नाट्यगृहातील संगीत घरातील वाद्यावर उतरवून घेण्याची ही रीत काही आपलीच नव्हे. युरोपात एकोणिसाव्या शतकात ऑपेरा या संगीत नाटकाची अशीच गत होती. पॅरिस, मिलान, व्हिएन्ना येथील लोकांना ऑपेरा डोळ्यांनी दिसे. उरलेल्या युरोपाला तो पियानोवर ऐकू येई. फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन वादकाने मोझार्ट, व्हेर्डी, वाग्नेर यांच्या ऑपेरांतील गीते पियानोवर बसविली. मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'वरील त्याची रचना १८४१ सालची, व्हेर्डीच्या 'रिगोलेत्तो'वरील १८५९ ची. त्याचा प्रतिस्पर्धी थालबर्ग हा दोन्ही हातांचे अंगठे वापरून मूळ गीत पियानोच्या मध्यभागी वाजवी आणि बाकीच्या बोटांनी वर-खाली स्वरांची जाळी विणी; ऐकणाऱ्याला वाटे की या गृहस्थास तिसरा हात असला पाहिजे. ३१ मार्च १८३७ रोजी पॅरिसमध्ये राजकन्या बेल्जोयोसो हिच्या दिवाणखान्यात या दोघांचा सामना झाला, आणि दोघांनीही वाजविले ते ऑपेरातील गीतांवर बेतलेलेच. या रचनांना पुढे पंडितांनी फार हिणविले. दुसऱ्याच्या मालावर केलेली कारागिरी, असा त्यांचा आक्षेप. त्यामुळे शेकडो रचना छापील कागदांत आणि हस्तलिखितांत पडून राहिल्या. लेस्ली हॉवर्ड या पियानोवादकाने १९८५ पासून लिस्टचे पियानोसाठीचे सारे संगीत ध्वनिमुद्रित करावयास घेतले, तेव्हा त्यात या विसरलेल्या ऑपेरा-रचनाही पुन्हा वर आल्या. तो संच आज ९९ तबकड्यांचा आहे. एका माणसाने केलेले हे काम पाहिले म्हणजे आपल्याकडे असे का झाले नाही, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे पियानोच्या जागी पेटी होती. अलेक्झांद्र दबें याने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता चालवून वाजविण्याचे. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले, आणि कलकत्त्याच्या 'द्वारकिन' पेढीसारख्या कारखानदारांनी त्याला जमिनीवर बसून वाजविता येईल असे रूप दिले. एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सूर, ही सोय आपल्या बैठकीला अशी मानवली की, वाद्य परके आहे हे दोन पिढ्यांत लोक विसरूनही गेले.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हा पदांच्या साथीला सारंगी-तबल्याची प्रथा होती. हे नाटक लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे जन्माने बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि नोकरीने पुण्याच्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतील. सरकारी नोकराने फावल्या वेळात काय करावे याचे उदाहरण म्हणून आम्ही मंडळी त्यांचे नाव अभिमानाने घेतो. वरिष्ठांनी त्यांच्या फावल्या वेळाविषयी काय शेरा मारला असेल, त्याची चौकशी सहसा करीत नाही. त्यांच्या पदांच्या चालींत कीर्तन होते, लावणी होती, हिंदुस्थानी ख्याल होता आणि कानडी मुलखातील चालीही होत्या. म्हणजे हे संगीत जन्मतःच दुसरीकडून उचलून आपलेसे केलेले होते. तेच पुढे पेटीने उचलले, यात वावगे काय झाले?

पेटी आणि तिच्या पाठोपाठ अमेरिकन बनावटीचा ऑर्गन रंगभूमीवर स्थिरावला. या दोन वाद्यांत भेद आहे. पेटीत भात्याची हवा सुरांवर आतून बाहेर लोटली जाते. अमेरिकन ऑर्गनमध्ये ती बाहेरून आत ओढली जाते. म्हणून पेटीचा सूर धारदार, तर ऑर्गनचा भरीव आणि मवाळ. गंधर्व मंडळीच्या वैभवकाळात ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला अशी साथ असे. ती ज्यांनी ऐकली ते मग दुसऱ्या कोणाच्या साथीला सहसा भले म्हणत नसत.

परंतु पेटी ही नुसती साथीपुरती राहिली नाही, आणि याचे श्रेय प्रथम गोविंदराव टेंबे यांच्याकडे जाते. १८८१ साली कोल्हापूरनजीक सांगवडे येथे जन्मलेल्या या माणसाने पेटी बहुतांशी स्वतःच्या कानावर मिळविली, भास्करबुवा बखल्यांची साथ केली, आणि १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला चाली दिल्या. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासातील हा मोठा पालट होय. पूर्वबाजूच्या ठुमरी-दादऱ्यांचे वळण त्या चालींबरोबर मराठी पदांत शिरले. माझ्या मते याचे एक कारण असे की, या चाली देणारा मनुष्य मुळात गायक नव्हता, पेटीवादक होता. गायक चाल गळ्याने शोधतो. पेटीवाला ती बोटांनी शोधतो. 'मानापमाना'तील काही पदांचे मुखडे आजही पेटीवर हात ठेवताच आपोआप बोटांखाली येतात, हा अनुभव पेटी शिकणाऱ्या कोणत्याही मुलास विचारून पाहावा. लिस्ट दुसऱ्याच्या ऑपेरावरून पियानोकडे गेला. टेंबे पेटीवरून नाटकाकडे आले. म्हणून त्यांची पदे पुन्हा पेटीवर वाजविली की ती माहेरी आल्यासारखी वाटतात.

पद पेटीवर वाजविताना शब्द जातात. हा तोटा लहान नव्हे, कारण नाट्यपदाचा अर्धा जीव शब्दांत असतो. चांगला पेटीवाला यावर काय उपाय करतो? ज्या ठिकाणी गायक नवे अक्षर उच्चारील तेथे तो पट्टीवर नव्याने बोट देतो. जेथे गायक एकच अक्षर लांबवील तेथे बोट न उचलता पुढच्या पट्टीवर सरकतो. ओळ संपली की भाता किंचित सैल सोडतो, म्हणजे गायकाने श्वास घेतल्याचा भास होतो. मींड पेटीवर निघत नाही हे खरेच. परंतु दोन स्वरांच्या मध्ये कण इतक्या हलक्या हाताने लावता येतो की, कान उरलेले अंतर आपणहून भरून काढतो. यालाच जाणकार 'गायकी अंगाने वाजविणे' म्हणतात. नुसत्या बोटांच्या चपळाईने पद वाजविणारे पुष्कळ असतात. ऐकणाऱ्याच्या ओठांवर शब्द आपोआप यावेत, असे वाजविणारे थोडे.

बारा पट्ट्यांच्या या वाद्यात आपल्या श्रुती बसत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. त्यावर उपाय काढण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रातच झाला, आणि तोही एका सरकारी अधिकाऱ्याने केला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. 'शारदा'कार देवलांशी श्रोत्यांनी यांची गल्लत करू नये. यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि क्लेमेंट्स नावाच्या सनदी न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची पेटी तयार करविली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य देवलांना लाभले होते. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीची बरीच चर्चा झाली. पंडितांना ती पटली नाही आणि बाजारात ती चालली नाही. जी पेटी सदोष म्हणून सुधारावयाची होती, तीच सदोष पेटी घराघरांत राहिली.

यानंतरची हकिकत नभोवाणीवरून सांगताना थोडे अवघड वाटते, पण टाळता येत नाही. १९३८ साली नभोवाणीच्या 'इंडियन लिसनर' या पत्रिकेत जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने पेटीविरुद्ध लेख लिहिला. हे गृहस्थ दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. रवींद्रनाथ ठाकुरांचेही मत पेटीला प्रतिकूलच होते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली. परदेशातून आलेले वाद्य हिंदी संगीतास नासविते, असा निर्णय ज्या खात्याने दिला त्याच्या मुख्याधिकारीपदी तेव्हा इंग्रज होता, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. स्वातंत्र्य आले, तरी बंदी राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ होते. परंतु त्यांच्या कारकीर्दीतही पेटीस क्षमा मिळाली नाही. १९७० साली या प्रश्नावर चर्चासत्र झाले आणि १९७१ पासून निर्बंध अंशतः सैल झाले. साथीला पेटी घेता येऊ लागली. स्वतंत्र वादनाचे दार त्यानंतरही पुष्कळ काळ बंद राहिले.

बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पेटीच्या साथीने गायकांचे कान बिघडतात, ही तक्रार अगदी निराधार नव्हती. आणि बंदीमुळे सारंगीवाल्यांना काही काळ अन्न मिळाले, हेही तिच्या जमेस धरावयास हवे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तिचा एक परिणाम मला फार जाचतो. १९४० ते १९७० हा नाट्यसंगीतावर वाढलेल्या पेटीवादकांचा उत्तम काळ. टेंबे १९५५ पर्यंत हयात होते. मूळ खेळ ऐकलेली, त्या चाली बोटांत असलेली माणसे गावोगाव होती. ध्वनिमुद्रणाची साधने, वादकांस बोलावण्याची व्यवस्था आणि ध्वनिफिती जपण्याच्या खोल्या देशात ज्या एका संस्थेजवळ होत्या, तिच्या दारात या माणसांना आपले वाद्य घेऊन जाता येत नव्हते. गायकांचा ठेवा आपल्या संग्रहांत जमा झाला. स्वतंत्र पेटीच्या खात्यावर त्या तीस वर्षांची जमा जवळजवळ शून्य.

उरल्या तबकड्या. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पहिले मुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाले. भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत निवर्तले होते. ज्या आवाजावर किर्लोस्करांची नाटके उभी राहिली, तो आवाज वीस-एकवीस महिन्यांच्या अंतराने कायमचा निसटला. १९२१ च्या जुलैत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केले. तोपर्यंत यंत्र आलेले होते, पण नाट्यगृहातील खेळ टिपण्याची त्याची ताकद नव्हती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. रंगभूमीवर जे पद 'वन्स मोअर'सह पाव तास चाले, त्याचे तीन मिनिटांत काय उरणार? मुखडा, एक अंतरा आणि दोन ताना.

पेटीच्या तबकड्यांनाही तीच मर्यादा होती. तरीसुद्धा मधुकर पेडणेकर, म्हणजेच पी. मधुकर, या गोमंतकीय वादकाच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना तीन मिनिटांत किती मावते याची कल्पना आहे. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर हेही गोव्यातील बोरीचे. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते गेले. नाट्यपद पेटीवर जसेच्या तसे गाऊन दाखवावे ते गोविंदराव पटवर्धनांनी. १९२५ ते १९९६ हा त्यांचा काळ. म्हणजे सुदैवाने घरगुती टेपरेकॉर्डरच्या युगापर्यंत ते वाजवीत होते. त्यांच्या कित्येक मैफली रसिकांनी आपापल्या टेपवर धरून ठेवल्या, म्हणून आज ऐकावयास मिळतात. नभोवाणीचे काम येथे कारकून, शिक्षक आणि बँकेतील नोकर यांनी केले, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

आता वहीकडे वळतो. आजोबा १९८६ साली वारले तेव्हा मी लहान होतो. वही, अकरा तबकड्या आणि भाता फाटलेली पेटी एका ट्रंकेत बंद झाली. माझी बदली बंगळुरास झाली आणि जे. पी. नगरात बिऱ्हाड थाटले, तेव्हा बेळगावचे घर रिकामे करावे लागले व ट्रंक इकडे आली. तबकड्यांचे नव्या पद्धतीने मुद्रण करून घ्यावे म्हणून मी त्या दुसऱ्या एका शहरातील एका दुकानात दिल्या. ही माझी चूक. तेथे त्यांनी लाँगप्लेच्या सुईनेच त्या वाजविल्या. जुन्या तबकडीची खाच लाँगप्लेच्या मानाने तिपटीच्या जवळपास रुंद. बारीक सुई तिच्या तळाशी लोळते आणि खरखर तेवढी उचलते. परत पाठविताना त्यांनी तबकड्या एकावर एक आडव्या बांधल्या. अकरांपैकी नऊ धड आल्या. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची ती वस्तू. तडकली की काचेसारखीच. फुटलेल्या दोहोंपैकी एकीवर 'स्वयंवरा'तील पद होते. ते पेटीवर कोणी वाजविले होते, हे लेबल झिजल्यामुळे पूर्वीच कळेनासे झाले होते.

यानंतर मी शहाणा झालो आणि माहितगारांना विचारू लागलो. मुंबईस १९९० पासून तबकड्या जमविणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आहे. तिच्या 'रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाचे जुने अंक मी चाळले. बंगळुरातील 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक'ने जुन्या तबकड्या नव्या तंत्राने उतरवून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. तेथेही कान लावून बसलो. आमच्या जे. पी. नगराच्या सातव्या फेजमध्ये २०१९ साली भारतीय संगीताचे 'इंडियन म्युझिक एक्स्पीरिअन्स' हे संग्रहालय उघडले. दुसऱ्या फेजमध्ये २००४ पासून 'रंगशंकरा' हे नाट्यगृह आहे. ते ज्यांच्या स्मरणार्थ उभारले त्या शंकर नाग यांची नाट्यसेवा मुंबईस मराठी रंगभूमीवर सुरू झाली होती. एका वसाहतीत नाट्यगृह आणि संगीताचे संग्रहालय अशी दोन्ही असल्यावर आजोबांची वही योग्य ठिकाणी आली, असे मी घरी म्हणत असतो. घरचे लोक ट्रंक कोठे ठेवावयाची, असे विचारतात.

येथे कन्नड रंगभूमीचीही आठवण झाली पाहिजे. गुब्बी वीरण्णांच्या कंपनीसारख्या मंडळ्यांतून पेटी हेच प्रमुख वाद्य असे; पेटीमास्तराच्या इशाऱ्यावाचून नाटक हलत नसे. त्या जुन्या कन्नड पदांचा ठेवा आर. परमशिवन यांनी आयुष्यभर पेटीवर सांभाळला आणि तरुणांना शिकविला. चालींची देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' मंडळी १९०८ साली हुबळीस निघाली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आजोबांची वही वाचणे सोपे नव्हते. त्यांची स्वरलिपी पुस्तकी नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ आहे, पण तीव्र मध्यमासाठी त्यांनी कचेरीतील 'बरोबर'ची खूण वापरली आहे. प्रत्येक पदावर पट्टी लिहिली आहे, आणि ते कोठून घेतले याची नोंदही. 'खेळात ऐकले', 'तबकडीवरून', 'देसाई वाड्यातील पेटीवरून' अशा त्या नोंदी आहेत. पुराव्याचे उगमस्थान लिहून ठेवण्याची ही शिस्त कचेरीने लावली असावी. 'खेळात ऐकले' असा शेरा असलेली पदे सतरा आहेत. त्यांतील 'मानापमाना'तील एका पदाला तबकड्यांवर कोठे न आढळणाऱ्या ओळींची चाल आणि तीन लांब ताना दिल्या आहेत. नाट्यगृहात जे चाले आणि तीन मिनिटांत जे मावत नसे, त्याचा एक तुकडा या पानावर राहिला आहे. दुर्दैवाने त्या पानाचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे.

मला पेटी बेताचीच येते. सुदैवाने जयनगरच्या बाजूस बेळगावचे एक वृद्ध पेटीवादक मुलाकडे राहतात असे कळले. वय अठ्ठ्याहत्तर, बोटांत थोडा संधिवात. त्यांचे नाव येथे सांगू नये अशी त्यांची इच्छा आहे. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर सारला आणि पहिल्या पानावरील पद तोंडाने गुणगुणावयास सुरुवात केली. तीव्र मध्यमाची ती खूण पाहून मात्र हसले. "कारकुनाची वही खरी," म्हणाले.

प्रथम आम्ही उरलेल्या तबकड्या ऐकल्या. तेथे एक गाठ पडली. तबकडी मिनिटास ७८ फेऱ्यांनी फिरविली की पेटीचा षड्ज काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या बरोबर मध्ये लागे. पेटीवर असा स्वर नसतो. जुन्या तबकड्यांच्या गतीचा नेम नसे, हे प्रसिद्धच आहे; चार-साडेचार फेऱ्या कमी झाल्या तर सूर एका पट्टीने उतरतो. म्हणजे मूळ गती ७६ धरली तर पद काळी दोनमध्ये जाते, ८० धरली तर पांढरी तीनमध्ये. आजोबांच्या वहीत या पदावर 'तबकडीवरून, काळी दोन' असे स्पष्ट लिहिले होते. मला वाटले, कागदोपत्री पुरावा मिळाला, प्रकरण निकालात निघाले. मास्तर म्हणाले, "चावीचा फोनो की हो तो. त्याची गती हातानं कमीजास्त करता येते. तुमच्या आजोबांनी आपल्या पेटीला जुळवून घेतली असंल तर?" पुरावा तेथेच ढासळला. मग त्यांनी आपली पेटी पुढे ओढली आणि त्या पदातील अवरोही तान दोन्ही पट्ट्यांतून वाजवून पाहिली. काळी दोनमधून ती त्या वेगाने सहज निघाली. पांढरी तीनमधून दोनदा अडली. "वाजवणाऱ्यानं अवघड पट्टी मुद्दाम कशाला धरावी?" असे म्हणून त्यांनी ७६ वर शिक्कामोर्तब केले. आजोबा बरोबर होते. पण ते बरोबर असल्याचे कागदावरून कळले नाही, बोटांवरून कळले.

मुद्रण आमच्या घरी, एका रविवारी पहाटे केले. पहाटे अशासाठी की, नंतर रस्त्यावर वाहने सुरू होतात आणि वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या. पंखा बंद, खिडक्या बंद, माइक पेटीच्या मागून दोन हातांवर. फार जवळ नेला तर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक सुरांपेक्षा मोठी येते. पेटी मास्तरांचीच, पालिताण्याच्या सुरांची. आजोबांची पेटी दुरुस्तीपलीकडे गेली आहे. सतरा पदांपैकी पहिल्या दिवशी चार झाली. बोटे दुखू लागली की मास्तर थांबत आणि चहा घेत, आणि त्या अवधीत बेळगावातील नाटकवाल्यांच्या गोष्टी सांगत; पुढे पुढे मी यंत्र चहाच्या वेळीही बंद करीनासा झालो.

वाळवी लागलेले पद आम्ही शेवटी ठेवले होते. पाच रविवार लागले. तिसरी तान अर्धी असताना पान संपते. मी आधीच सांगून ठेवले होते की, जेथे लिखाण संपेल तेथे थांबावे. पदरचे काही घालू नये, इतिहासाच्या साधनात भर घालण्याचा आपणास अधिकार नाही. मास्तरांनी मान डोलावली. वाजविताना मात्र ते थांबले नाहीत. तान पुरी केली, अंतऱ्याची उरलेली ओळ घेतली, मुखड्यावर आले आणि समेवर भाता सोडला. मी काही बोलण्यापूर्वीच म्हणाले, "पद असं अर्ध्यात टाकून उठायचं नसतंय, साहेब. तुमच्या आजोबांनीही टाकलं नसतं."

दुसऱ्यांदा वाजवा, असे म्हणण्याचा मला धीर झाला नाही. मुद्रण आहे तसेच ठेवले आहे. त्याबरोबरच्या सूचीत माझ्या हाताने एवढीच नोंद केली आहे: पद क्रमांक १७, पट्टी काळी दोन, ४ मिनिटे १० सेकंदांपर्यंत वहीवरून, पुढील ५० सेकंद मास्तरांचे.